अकरा सह्यांचं पाकीट

दोन वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातल्या मराठी शाळांच्या अकरा शिक्षकांचे आयकराचे रिटर्न मुदतीत पोचले नाहीत. काहींना हजाराचा दंड बसला, काहींना पाच हजारांचा, आणि एकाला त्याहून पुष्कळ जास्त फटका बसला. त्याचा दोष आमच्या गणिताच्या सरांवर आला आणि आजही तो त्यांच्याच नावावर आहे. तो त्यांचा नव्हता. सह्या केलेले कागद त्यांनी माझ्या हातात दिले होते. पुढं त्या कागदांचं काय झालं हे मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही. हे दाखवायला आता माझ्याकडं माझ्या शब्दाशिवाय काही उरलेलं नाही, त्याचं कारणही मीच आहे. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतो.

निंबर्ग्याच्या शाळेत आम्ही सव्वीस वर्षं बरोबर काढली. मी मुख्याध्यापक होतो, त्यामुळं सगळे मला मोठे सर म्हणायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी म्हणतात. गणिताचे सर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्यांच्या वडिलांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर घरातले देव ओढ्यात सोडले आणि मुलाला शाळेत घातलं, हे ते अभिमानानं सांगायचे. माणूस बोलायला मऊ आणि कामाला कडक. आयकराचा फॉर्म कागदावर भरायचा होता तेव्हापासून आमच्या सगळ्यांचे फॉर्म तेच भरत आले. आम्हाला कन्नडमधली सरकारी पत्रंच जेमतेम लागायची, हे तर सगळं इंग्रजीत. जूनमध्ये तालुक्याच्या ऑफिसातून फॉर्म सोळा आला की जुलैचे रविवार त्यांच्या घरी. आळंदला त्यांच्या पडवीत सतरंजी टाकलेली असायची. आम्ही विम्याच्या पावत्या, बँकेचे दाखले घेऊन ओळीनं बसायचो. फॉर्म ऑनलाइन झाले तेव्हा त्यांनी पुण्याच्या मुलीचा जुना लॅपटॉप आणला आणि साठीच्या घरात तेही शिकून घेतलं. एक पैसा त्यांनी कधी कुणाकडून घेतला नाही. टपालाचा खर्च तेवढा आम्ही वाटून द्यायचो.

टपाल कशाला, असं आजचा माणूस विचारील. रिटर्न ऑनलाइन भरला तरी तो आपणच भरला हे कबूल करावं लागतं. ते मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीनं होतं, नाही तर पोचपावतीवर सही करून तो कागद बेंगळुरूच्या कार्यालयात पाठवावा लागतो. तीस दिवसांच्या आत हे झालं नाही तर मुदतीत भरलेला रिटर्नही मुदतीत धरत नाहीत. आमच्यातल्या एका बाईंनी पूर्वी कधी तरी फोनवर ओटीपी सांगितला होता आणि त्यांच्या खात्यातली पगाराची रक्कम गेली होती. तेव्हापासून आमच्या मंडळींनी ओटीपी या शब्दाचा धसकाच घेतला. कुणी दारात आलेल्या कुरियरवाल्यालाही सांगायचं नाही. त्यात निम्म्या लोकांच्या आधारला मोबाईल जोडलेला नव्हता. गणिताचे सर समजावून थकले. स्वतःचा रिटर्न ते ओटीपीनंच पक्का करायचे, पण आम्ही अकरा जण सहीवर अडून बसलो. सही आपल्या हाताची असते, ती कुणी चोरत नाही, असं मीच त्यांना ऐकवलं होतं.

त्या वर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी सगळे रिटर्न भरून झाले. अकरा पोचपावत्यांवर अकरा सह्या झाल्या. मंगळवारी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन सोलापूरला ठरलं होतं आणि सोमवारीच त्यांना निघायचं होतं. त्यांनी खाकी पाकिटात कागद भरले, डिंकानं बंद केलं, पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला आणि मला म्हणाले की उद्या सकाळी पोस्ट उघडलं की स्पीड पोस्टानं टाका. मंडळी उठून गेल्यावर, बाकी कुणाला न देता, त्यांनी ते मला दिलं.

सोमवारी मी पोस्टाकडं निघालोसुद्धा. तेवढ्यात पुतण्या म्हणाला की तो बुधवारी बेंगळुरूला चाललाय, एका कंपनीत मुलाखत आहे. हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. आई लवकर गेली म्हणून सातवीपासून आमच्याकडं वाढला. बी.कॉम. झाला होता, वय अठ्ठावीस, कुठं टिकत नव्हता. आमच्या भागात कुणी बेंगळुरूला किंवा हैदराबादला निघालं की त्याच्या हाती चार घरांचं काहीतरी जातंच. तिकडं शिकणाऱ्या पोरांच्या भाकरी, सर्टिफिकेटं, दवाखान्याचे रिपोर्ट. एवढ्या लोकांचे महत्त्वाचे कागद टपालाच्या थैलीत टाकण्यापेक्षा घरच्या माणसानं कार्यालयात नेऊन शिक्का मारून आणलेले बरे, असं मला वाटलं. कागदावर बारीक इंग्रजीत छापलं होतं की साध्या टपालानं किंवा स्पीड पोस्टानंच पाठवावं, हातानं घेतलं जाणार नाही. ते मी वाचलं नाही. वाचलं असतं तरी कदाचित मी तेच केलं असतं. आपल्या माणसावर एक जबाबदारी टाकायची हौसही त्यात होती.

गुरुवारी सकाळी सोलापूरहून सरांचा फोन आला. डोळ्यावर पट्टी होती, बोलताना धाप लागत होती.

“सर, टपालात टाकलं ना?”

“व्हय,” मी म्हणालो.

तेव्हा मला हे खोटं वाटलंच नाही. पुतण्या बेंगळुरूला उतरला होता, दुपारपर्यंत कागद जागेवर पोचणार होते. दवाखान्यातल्या माणसाला कशाला घोर लावायचा. दोन दिवसांनी पुतण्या परत आला. मुलाखतीचं जमलं नाही म्हणाला. कागदांचं विचारलं तर म्हणाला, दिले, तिथल्या माणसानं ठेवून घेतले, शिक्काबिक्का काही देत नाहीत. मी मान हलवली आणि विसरून गेलो.

सरांच्या डोळ्यात पुढं जंतुसंसर्ग झाला. दोन महिने त्यांना पडद्याकडं बघायची बंदी होती. बहुतेकांच्या रिटर्नला त्यांचाच ईमेल पत्ता दिलेला, त्यामुळं कार्यालयाची पत्रं तिथं येऊन पडत राहिली. काहींच्या मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आले, ते त्यांनी बँकेची जाहिरात समजून पुसून टाकले. दसऱ्यानंतर सरांनी लॅपटॉप उघडला तेव्हा अकराच्या अकरा रिटर्नपुढं एकच ओळ होती. सही मिळाली नाही.

ते तडक माझ्याकडं आले. काळा चष्मा, हातात छत्री, ऊन डोळ्याला सोसत नव्हतं. टपालाची पावती द्या म्हणाले, आपण पाकीट कुठं अडकलं ते शोधून काढू. खरं सांगायची ती पहिली वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं की टपालात टाकलं नाही, पुतण्याच्या हाती दिलं. पण मग फोनवरच्या त्या ‘व्हय’चं काय, हे मनात आलं. पावती हरवली, असं मी सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, हरवली तर हरवली, पोस्टात तारखेवरून चौकशी करू म्हणाले. त्यांनी खरंच आळंदच्या पोस्टात जाऊन चौकशी केली. तिथल्या माणसानं त्या दिवशीचं रजिस्टर दाखवलं, त्यात पाकीट नव्हतं. नोंद करायची राहून गेली असेल, असं सर मला म्हणाले.

मी पुतण्याला पुन्हा विचारलं. त्यानं माझ्या गळ्याची शपथ घेतली.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी सगळ्यांना पडवीत बोलावलं. झालं ते सांगितलं. आता सह्या पाठवल्या तर त्या पोचतील तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतील, म्हणजे एकतीस जुलै हुकलीच, दंड भरावाच लागणार. डिसेंबरअखेर तेही झालं नाही तर दार बंद.  मग लोकांचे सवाल सुरू झाले. आमच्यात एक तरुण शिक्षक होता, आळंदला नवीन घर बांधलेला. जुन्या पद्धतीनं कर मोजायचा तर मुदतीतच भरावं लागतं असा नियम तेव्हा नुकताच आला होता. उशीर झाल्यामुळं त्याचं घरकर्जाचं व्याज, विमा, काहीच धरलं जाणार नव्हतं. त्याचा आवाज चढला.

“तुमचा सोताचा भरला का न्हाई येळेवर?”

सर म्हणाले, माझा भरलाय.

“मग आमचंच कामून ऱ्हातंय? टपालाचे पैशे तर घेतले की.”

कुणी तरी मागून हसलं. माझ्या शेजारी इतिहासाचे सर बसले होते, गणिताच्या सरांच्या अगदी जवळचे. ते म्हणाले की पाकीट दुसऱ्या कुणाकडं दिलं होतं का, तेवढं सांगा. गणिताच्या सरांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, चष्मा नीट करायला लागतो तेवढाच वेळ. मी सतरंजीच्या कडेचा धागा ओढत होतो.

“काम माझ्यावर होतं,” ते म्हणाले. “चूक माझी.”

त्यांना वाटत होतं की टपालात गहाळ झालं. आजारपणात मी त्यांच्यासाठी धावपळ केली आणि आता लोकांपुढं माझं नाव घेऊन मला अडचणीत कशाला आणायचं, असा त्यांचा हिशेब होता. हे त्यांनी मला फार पुढं सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की मी सुटलो.

मग त्या माणसानं दीड महिना काय केलं ते मी बघितलं आहे. एकेकाला घेऊन आधारच्या केंद्रावर गेले, रांगेत उभे राहिले, मोबाईल जोडून घेतले. एकेकाचा रिटर्न ओटीपीनं पक्का केला. आणि प्रत्येकाच्या दंडाची रक्कम स्वतःच्या पेन्शनमधून त्याला दिली. तिघांनी घेतली नाही, बाकीच्यांनी घेतली. माझा दंड हजार रुपये होता. पाचशेच्या दोन नोटा त्यांनी माझ्यापुढं धरल्या. नको म्हणालो असतो तर मोठे सर कामून घेत नाहीत असं त्यांच्या मनात आलं असतं, या भीतीनं मी त्या घेतल्या. त्या नोटा मोडून मी बाजारातून तेल आणि डाळ आणली.

डिसेंबरात एका दुपारी माझी बायको धुणं करत होती. पुतण्याची काळी बॅग धुवायला काढली होती. आतल्या चेनच्या कप्प्यात तिला पाकीट सापडलं. ती ओल्या हातानं धरून घेऊन आली आणि म्हणाली, हे तुमचं हाय का बघा. पत्त्याचं अक्षर सरांचं होतं. डिंक उघडलेला नव्हता.

पुतण्या संध्याकाळी आला तेव्हा मी त्याच्यापुढं पाकीट ठेवलं. त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. तो कार्यालयाच्या फाटकावर गेला होता. तिथल्या माणसानं सांगितलं, हातानं घेत नाही, पोस्टानं पाठवा. मुलाखतीला उशीर होत होता. नंतर टाकू म्हणून ठेवलं. मुलाखत फसल्यावर दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं तेव्हा दिले म्हणून सांगून मोकळा झाला. पुढं कधी टाकू म्हटलं तोवर तीस दिवस उलटून गेले होते.

मी म्हणालो, उद्या सरांकडं जायचं आणि सांगायचं.

“सांगा की,” तो म्हणाला. “पर टपालात टाकलं म्हणून तुमीच सांगितलाव काका. पावती हरवली म्हणून बी तुमीच. मी कुणाला काय बोललो का?”

त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तो हिशेब सांगत होता. मी त्याचा अभ्यास घेतला, त्याच्या तापात जागलो, कॉलेजची फी भरली. त्यानं मला अडकवलं असं मला वाटलं, आणि ते खरंच आहे. पण त्यानं टाकलेला फास मीच वळून दिला होता. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “आता तरी बोला. कामून गप हाव?” मी तिला म्हणालो की भावाचा पोरगा आहे, पुढच्या महिन्यात त्याला मुलगी बघायला जायचं आहे, नाव खराब होईल.  दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत मी ते पाकीट घातलं. माझी सहीसुद्धा त्यात होती.

पुढच्या मे महिन्यात पुतण्यानं आळंदच्या बसस्टँडजवळ गाळा घेतला. ऑनलाइन सेंटर. पीक विमा, पॅन कार्ड, पासपोर्ट, आणि जूननंतर रिटर्न. दारावर पाटी होती, ‘रिटर्न मुदतीत, दंडाची चिंता नाही.’ नारळ मी फोडला. जुलैत आमच्यातले बहुतेक शिक्षक तिथंच गेले. तीनशे रुपये फी देऊन, रांगेत उभे राहून. ओटीपी सांगताना आता कुणी कुरकुर करत नव्हतं. मला खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे. गणिताच्या सरांच्या पडवीत त्या वर्षी सतरंजी पडली नाही.

बोलणंही वाढत गेलं. हे दंडाचं बोलणं हळूहळू दुसऱ्याच गोष्टीवर जायचं. एकदा पेन्शनच्या कामाला बँकेत बसलो असताना एक जण म्हणाला, आपण जिथं विश्वास ठेवायला नको तिथं ठेवतो मोठे सर. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. सव्वीस वर्षं एकाच हौदाचं पाणी प्यालो होतो आम्ही. मी पासबुकावर बोट ठेवून आकडे वाचत राहिलो.

हे किती दिवस असंच चाललं असतं कोण जाणे. यंदाच्या जूनमध्ये मी दुपारी पुतण्याच्या गाळ्यात बसलो होतो. अफजलपूरकडून बदलून आलेली एक शिक्षिका आली. रिटर्नबद्दल विचारत होती, उशीर झाला तर काय होतं म्हणून. पुतण्यानं तिला सगळं नीट सांगितलं, दंड किती, जुनी पद्धत कशी हातची जाते. मग म्हणाला, “आमच्याकडं एक गणिताचे सर हायत बघा. अकरा जणांचे कागद घरात ठेवून बसले. तवा आमच्या काकांचा बी दंड गेला. म्हणून तर मी हे सेंटर टाकलं.” आणि माझ्याकडं बघून हसला. साक्षीला बसवल्यासारखा मी तिथं बसलो होतो. ती बाई माझ्याकडं सहानुभूतीनं बघत होती.

त्याला वाचवण्यासाठी मी एका माणसाला दोन वर्षं चोर ठरू दिलं होतं. आणि त्यानं त्याची जाहिरात केली होती. मी उठलो. चहा टेबलावर तसाच राहिला. सरळ सरांच्या घरी गेलो.

सर पडवीत शेंगा निवडत होते. आतून त्यांची बायको पाणी घेऊन आली आणि तिथंच थांबली. मी सगळं सांगितलं. पुतण्याच्या हाती दिल्याचं, फोनवरच्या खोट्याचं, पावतीचं, पाकीट सापडल्याचं, चुलीचं. ऐकता ऐकता ते शेंगा निवडायचं थांबले एवढंच.

मला वाटलं होतं त्यांना कधी तरी संशय आला असेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले की दोन वर्षं त्यांनी पोस्टावर राग धरला. आळंदच्या पोस्टमास्तरशी बोलणं टाकलं. “तुमचं नाव मनात बी आलं न्हाई सर,” ते म्हणाले.

मी हात जोडले. ते म्हणाले, “मला सांगून काय व्हतंय? मला तर ठावं हाय मी न्हाई केलं म्हणून. ज्यांना ठावं न्हाई त्यांना जाऊन सांगा.”

त्यांनी मला क्षमा केली नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. काम सांगितलं, पूर्वी शाळेत मी त्यांना सांगायचो तसं.

मी घरोघर गेलो. मला वगळून दहा जण. त्यातले दोघं वारले आहेत. उरलेल्या आठ घरी मी उभा राहून सांगितलं, बसा म्हटलं तरी बसलो नाही. आणि मला जे बघायला मिळालं त्याची मी तयारी केली नव्हती. कुणी चिडलंच नाही. एक जण हसून म्हणाला, तरुण पोरगं आहे, होतं असं, तुम्ही या वयात मनाला लावून घेऊ नका. ज्या बाईंची पगाराची रक्कम गेली होती त्यांनी मला सरबत दिलं आणि तुम्ही सांगायला आलात हाच मोठेपणा म्हणाल्या. पाच मिनिटांत माझी चूक त्यांनी पुसून टाकली. तीच चूक दोन वर्षं दुसऱ्याच्या नावावर होती तेव्हा एकाच्याही मनात असं आलं नव्हतं. मी त्यांना म्हणालो की मग सरांना जाऊन भेटा. हो हो, जाऊ की, म्हणाले. फक्त तो घर बांधलेला शिक्षक माझ्याशी नीट वागला. त्यानं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सरांकडं जाऊन त्यांनी दिलेले पाच हजार परत ठेवून आला.

भावानं माझ्याशी बोलणं बंद केलं आहे. पुतण्या गाळ्यात लोकांना सांगतो म्हणे की काकांना आता वयामुळं काही आठवत नाही. म्हणून ही पानं मी तारीख घालून, सही करून लिहितो आहे आणि त्यांच्या प्रती त्या आठही घरी देणार आहे. मला सगळं आठवतं.

जे दोघं वारले त्यांच्यात इतिहासाचे सर होते. पाकीट दुसऱ्या कुणाकडं होतं का, असं त्या दिवशी विचारणारे. ते गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या बायकोला सांगायला मी सगळ्यांत शेवटी गेलो. ती ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली की दंड भरल्यावर यांनी गणिताच्या सरांना निरोप पाठवला होता, आमच्या दारात येऊ नका म्हणून. आणि शेवटच्या आठवड्यात रोज विचारायचे, गणिताचे सर बघायला आले का? “मी म्हणलं, तुमीच येऊ नका म्हणून सांगितलाव की. तर म्हणायचे, तरी बी आला असता तो.”

हे सरांना सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी वाटलं, सांगायचं काय आणि लपवायचं काय हे ठरवायचा हक्क मी आधीच एकदा वापरून बसलो आहे. गेलो आणि जसं ऐकलं तसं सांगितलं.

सर उठले आणि आत गेले. मी पडवीत बसून राहिलो.  मग त्यांची बायको बाहेर आली आणि म्हणाली, “तुमी जावा आता सर. ते आज बाहेर यायचे न्हाईत.”